दवाखान्याचं बिल नेमकं ठरवतं कोण? जीएसटी बदलाने मला शिकवलेला धडा

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. टीव्हीवर गाड्या आणि एसी किती स्वस्त होणार याची चर्चा सुरू होती. मी मात्र आदल्या रात्री बीडमधल्या एका छोट्या खासगी रुग्णालयाच्या औषध काउंटरवर बसून सॉफ्टवेअरमध्ये औषधांचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करत होतो. तासाभराचं काम होतं. सकाळी पहिलं बिल बरोबर छापून आलं, काउंटरवरच्या पोराने अंगठा वर केला आणि मी घरी आलो.

महिन्याभराने एका मुलाचा फोन आला. तो चाकणला कंपनीत कामाला आहे. ऑगस्टमध्ये त्याची आई याच रुग्णालयात ॲडमिट होती. सगळा मिळून ३८,००० रुपये खर्च आला. त्यात औषधांचं बिल १०,०८० रुपयांचं होतं. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून पैसे परत मिळणार होते, म्हणून त्याने क्लेम टाकला. पण औषधांची बिलं थर्मल कागदावरची होती आणि दोन महिन्यांत अर्धी उडून गेली होती. विमा कंपनीने स्पष्ट दिसणारी प्रत मागितली, म्हणून त्याने रुग्णालयातून डुप्लिकेट बिल काढून आणलं.

"दादा, बिल नंबर तोच आहे, तारीख तीच आहे, पण रक्कम ९,४५० आलीय. ६३० रुपये कमी. आता कंपनी म्हणते खुलासा द्या."

त्याचे ३८,००० रुपये अडकले. आईच्या उपचारासाठी त्याने गावातून ३०,००० रुपये शेकडा तीनने घेतले होते. म्हणजे क्लेम जितके महिने लांबणार, तितके महिने ९०० रुपये व्याज. रुग्णालयाने काही लबाडी केली नव्हती आणि त्या मुलानेही केली नव्हती. चूक माझी होती.

ती चूक समजावून सांगताना एक मोठी गोष्ट सांगायची आहे. दवाखान्याच्या बिलावर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे बहुतेक वेळा डॉक्टरही ठरवत नाही. ते ठरवते सॉफ्टवेअरमधली एक छोटी फाईल. ती फाईल कोणी बनवली, कधी बदलली, कुठल्या कॉम्प्युटरवर टाकली, याची चौकशी कोणी करत नाही.

बिलाचं टेम्प्लेट म्हणजे काय?

काउंटरवर 'प्रिंट' दाबलं की तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे माहिती: पेशंटचं नाव, किती दिवस ॲडमिट, कोणत्या तपासण्या, कोणती औषधं. ही डेटाबेसमध्ये असते. दुसरी म्हणजे टेम्प्लेट, म्हणजे बिलाचा साचा. वर लेटरहेड कुठे, मधल्या तक्त्यात कोणते रकाने, खाली बेरीज आणि सहीची जागा कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तिसरी गोष्ट प्रिंटर आणि कागद.

लग्नपत्रिकेसारखंच समजा. मजकूर घरचा, डिझाईन छापखान्याचं आणि कागद तुमच्या बजेटप्रमाणे.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे साचे क्रिस्टल रिपोर्टमध्ये बनवलेले असतात, काही ठिकाणी जॅस्पर रिपोर्ट असतो आणि नव्या वेब सॉफ्टवेअरमध्ये साधं एचटीएमएल. नाव काहीही असलं तरी काम एकच. सॉफ्टवेअर कंपनी एक सर्वसाधारण साचा देते आणि मग प्रत्येक डॉक्टर आपापल्या मागण्या सांगतो. "लोगो मोठा करा." "तपासण्या वेगळ्या दाखवू नका, सगळं एका ओळीत घ्या." "डिस्काउंट ठळक दिसू द्या." आम्ही इंजिनिअर लोक ते करून देतो. याला आमच्या भाषेत कस्टमायझेशन म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 'सगळं एका ओळीत घ्या' ही डिझाईनची मागणी नाही. पेशंटला काय कळू द्यायचं, याचा तो निर्णय आहे.

माझी चूक कुठे झाली?

त्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाची करापूर्वीची किंमत बिलासोबत साठवली जात होती. कराचा दर मात्र बिलासोबत साठवला जात नव्हता. तो औषधांच्या मुख्य यादीत होता, आणि साचा छापायच्या क्षणी ती यादी वाचून कर काढत होता.

ऑगस्टमध्ये हिशोब असा होता: औषधं ९,००० रुपयांची, त्यावर १२ टक्के म्हणजे १,०८० रुपये, एकूण १०,०८०. सप्टेंबरच्या त्या रात्री मी यादीत दर ५ केला. ऑक्टोबरमध्ये तेच बिल पुन्हा छापलं तेव्हा साच्याने इमानदारीत नवा दर वाचला. ९,००० वर ४५० रुपये, एकूण ९,४५०. तारीख ऑगस्टची आणि कर सप्टेंबरचा.

म्हणजे दर बदलताना मी फक्त उद्याची बिलं बदलतोय असं मला वाटत होतं. खरं तर गेल्या काही वर्षांची सगळी बिलं मी एका रात्रीत बदलून टाकली होती. कोणी पुन्हा छापली नव्हती, म्हणून कळलं नव्हतं इतकंच.

यावर उपाय काही अवघड नाही. एक तर प्रत्येक बिलासोबत त्या दिवशीचा दर, कर आणि बेरीज कायमची साठवायची. दर बदलताना जुना दर खोडायचा नाही, 'या तारखेपासून नवा' अशी दुसरी नोंद करायची. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बिल पहिल्यांदा छापलं की त्याची पीडीएफ जपून ठेवायची. डुप्लिकेट मागितलं तर तीच पीडीएफ काढायची, वर फक्त 'डुप्लिकेट प्रत' असा शिक्का. बिल नव्याने बनवायचंच नाही. तलाठी जुना सातबारा देताना त्यात आजची पिकं भरत नाही, तसंच हे.

मी जुना बॅकअप शोधला, मूळ रकमेचं बिल काढलं, रुग्णालयाने सही-शिक्क्याचं पत्र दिलं. त्या मुलाचे पैसे जमा झाले, पण दोन महिने उशिरा. १,८०० रुपये व्याज त्याने जास्तीचं भरलं. माझी एक ओळ चुकली त्याची ती किंमत, आणि ती भरली त्याने.

पण दवाखान्याच्या बिलावर जीएसटी असतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगतो.

डॉक्टरची फी, ऑपरेशन, तपासण्या, नर्सिंग या आरोग्यसेवेवर जीएसटी नाही. ॲडमिट पेशंटला रुग्णालयाने स्वतःच्याच बिलात उपचाराचा भाग म्हणून औषधं लावली, तर तीही त्या सेवेतच धरली जातात. १८ जुलै २०२२ पासून एक अपवाद आला. आयसीयू सोडून ज्या खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे, तिच्या भाड्यावर ५ टक्के कर. बीडसारख्या ठिकाणी त्या दराच्या खोल्या फार नसतात.

औषध काउंटर मात्र बऱ्याचदा वेगळं दुकान असतं. त्याचा औषध परवाना वेगळा, जीएसटी नंबर वेगळा. दुकान रुग्णालयाच्या जिन्याखाली असलं तरी बिल वेगळं आणि त्यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा हा कर १२ वरून ५ टक्के झाला आणि काही जीवरक्षक औषधांवर शून्य. म्हणून तुमच्या हातात दोन बिलं आली तर गोंधळू नका. एकावर कर नाही आणि दुसऱ्यावर आहे, हे बरोबर असू शकतं.

पाच कॉम्प्युटर, पाच बिलं

साचा बदलला म्हणजे काम संपलं नाही. तो प्रत्येक मशीनवर पोहोचला पाहिजे. याला डिप्लॉयमेंट म्हणतात, आणि तालुक्याच्या गावात खरी मजा इथेच असते.

वीस खाटांच्या रुग्णालयात साधारण चार-पाच कॉम्प्युटर असतात: रिसेप्शन, ओपीडी, लॅब, औषध काउंटर आणि डॉक्टरांची केबिन. जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये साच्याची फाईल प्रत्येक मशीनवर वेगळी ठेवलेली असते. नवी फाईल पेन ड्राईव्हमधून एकेका मशीनवर टाकावी लागते. त्या दिवशी लॅबवाला सुट्टीवर असेल, त्याची खोली बंद असेल, तर लॅबचा कॉम्प्युटर जुनाच राहतो. मग एकाच पेशंटला एकाच दिवशी रिसेप्शनवरून नव्या नमुन्याचं आणि लॅबमधून जुन्या नमुन्याचं बिल मिळतं. पेशंटला वाटतं काहीतरी गडबड आहे. त्याचं चुकतं असंही नाही.

आता मी तीन गोष्टी न चुकता करतो. साच्याची फाईल सर्व्हरवर एकाच जागी ठेवतो आणि बाकी मशीन तिथूनच वाचतात. बिलाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात साच्याचा क्रमांक आणि तारीख छापतो, म्हणजे बिल हातात आलं की ते कोणत्या साच्यातून निघालं ते लगेच कळतं. आणि नवा साचा चालू करण्याआधी दहा जुनी बिलं त्यातून काढून मूळ कार्बन प्रतींशी पैशापैशाने ताडून पाहतो. ही तिसरी गोष्ट मी त्या सप्टेंबरच्या रात्री केली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बिल मराठीत का येत नाही?

आता भाषेचं. तुमच्या फोनवर मराठी मस्त दिसतं, मग बिलावर का नाही? कारणं तीन आहेत.

एक, जुनं सॉफ्टवेअर. डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षे जे मराठी टाइप होतं, त्यातलं बरंचसं युनिकोडमध्ये नव्हतं. त्यात अक्षर इंग्रजीचंच साठवलं जायचं आणि फॉन्ट त्याला मराठी रूप द्यायचा. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथे पेशंटच्या नावाऐवजी अगम्य चिन्हं छापून येतात.

दोन, पीडीएफ बनवणारी जुनी इंजिनं. देवनागरी नुसती अक्षरं ओळीने मांडून होत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारताना अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी जाते. जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून तिसरंच रूप तयार होतं. ही जोडणी करणारा भाग जुन्या इंजिनांत नव्हता. त्यामुळे स्क्रीनवर 'शस्त्रक्रिया' नीट दिसतं आणि पीडीएफमध्ये पाय मोडलेली अक्षरं आणि भलतीकडे गेलेली वेलांटी दिसते. यावर माझा तोडगा म्हणजे बिल एचटीएमएलमध्ये बनवून ब्राउझरच्या इंजिनातून छापणं. ब्राउझरला ही जोडणी येते.

तीन, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो कर्रर्र कर्रर्र आवाज करणारा. कार्बन प्रती निघतात म्हणून अजूनही बऱ्याच ठिकाणी तोच आहे. त्याच्या आत इंग्रजी अक्षरं आधीच भरलेली असतात, म्हणून इंग्रजी बिल भराभर निघतं. मराठी छापायचं तर ते चित्र म्हणून टिंब टिंब छापावं लागतं. काउंटरवर दहा माणसं उभी असताना तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नसतं.

म्हणजे अडचण आहे, पण सुटणार नाही अशी नाही. माझा अनुभव सांगतो. औषधांची नावं इंग्रजीत राहू द्या, पण 'खोली भाडं', 'ऑपरेशन थिएटर', 'भूलतज्ज्ञ', 'आधी भरलेली रक्कम', 'आता द्यायची रक्कम' एवढे दहा-बारा शब्द मराठीत आले की काउंटरवरची निम्मी भांडणं मिटतात.

उडून जाणारा कागद

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि प्रिंटर तो ठरावीक ठिकाणी तापवतो. सोय मोठी, खर्च कमी. पण उष्णता, ऊन, तेलकट हात आणि प्लॅस्टिकच्या काही पिशव्या त्या अक्षरांच्या मुळावर उठतात. बीडचा उन्हाळा आणि पत्र्याची पेटी यांच्यापुढे ते बिल किती टिकणार?

किराणा दुकानाची पावती उडाली तर बिघडत नाही. पण दवाखान्याचं बिल वर्षभराने लागू शकतं. विम्याला लागतं, अपघाताच्या दाव्यात लागतं, पुढच्या डॉक्टरला दाखवायला लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ॲडमिट पेशंटचं कोणतंही बिल थर्मल कागदावर देऊ नये. साध्या लेझर प्रिंटरवर अर्ध्या ए-फोर कागदात ते मावतं.

बीडमध्ये याला इतकं महत्त्व का?

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. म्हणजे उपचार एका गावात, पुढची तपासणी दुसऱ्या जिल्ह्यात आणि त्रास तिसऱ्या राज्यात. या सगळ्या प्रवासात त्यांच्या आजाराची नोंद कुठे असते? पिशवीतल्या कागदांत.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून बीडचं नाव देशभर गाजलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

यातल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या आणि किती नव्हत्या, हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. माझा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याचा आहे. अशा एखाद्या बाईला नंतर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल, तर तिच्या हातात काय असतं? बिलावर 'ऑपरेशन पॅकेज' अशी एकच ओळ आणि समोर एक आकडा असेल, तर काहीच कळत नाही. आधी सोनोग्राफी झाली होती का? बायोप्सीला तुकडा पाठवला होता का? भूल कोणती, भूलतज्ज्ञ कोण? ओळीओळीने लिहिलेलं बिल असेल, तर ही सगळी उत्तरं त्यातच मिळतात. जी तपासणी झाली तिचे पैसे लागतात, आणि पैसे लागले की ओळ येते. ओळ नसेल तर विचारता येतं की ही तपासणी का केली नाही.

म्हणून 'सगळं एका ओळीत घ्या' असं कोणी सांगितलं की मी आता हो म्हणत नाही. एकूण रक्कम पॅकेजची असू दे, पण खाली काय काय केलं त्याची यादी येईलच, असा साचा देतो. दोन डॉक्टरांनी नाराजी दाखवली. एकाने तर उलट आभार मानले. म्हणाले, पेशंटच्या नातेवाइकांशी वाद कमी झाले.

दर ठरवून भागत नाही

याचं दुसरं उदाहरण सगळ्यांनीच पाहिलंय. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतले कोविडचे दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. १ जून २०२१ रोजी शहरांचे तीन गट केले आणि लहान शहरं व ग्रामीण भागासाठी हेच दर २,४००, ४,५०० आणि ५,४०० झाले. बिलं तपासायला ठिकठिकाणी लेखापरीक्षक नेमले गेले.

आता त्या लेखापरीक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ठरलेल्या दरात काय धरायचं आणि काय वेगळं लावायचं, याची यादी शासनाच्या आदेशात होती. पण समोरच्या बिलात 'कोविड ट्रीटमेंट चार्जेस' अशी एकच ओळ असेल, तर ठरलेला दर पाळला की नाही हे कसं शोधणार? खोलीचे दिवस, दर, औषधं, तपासण्या वेगवेगळ्या दिसल्या तरच कायद्याला दात येतात. नियम मंत्रालयात होतो, पण तो लागू झाला की नाही हे प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर दिसतं.

कायदा काय सांगतो?

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांवर बंधनकारक झालं.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत दोन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा. ॲडमिट पेशंटच्या उपचाराच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या, आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या.

आणि चालू घडामोड अशी की देशभरातल्या रुग्णालयांच्या बिलांसाठी एकच नमुना ठरवण्याचं काम केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि भारतीय मानक ब्युरो यांनी हाती घेतल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. मी याच्या बाजूने आहे. पण एक शंका मनात आहे. नमुना कागदावर कितीही छान असला तरी तो गेवराई, केज, आष्टीतल्या त्या पाच-पाच कॉम्प्युटरांपर्यंत पोहोचवणार कोण? जीएसटीचा एक आकडा बदलताना माझ्यासारख्या माणसाकडून एवढी चूक झाली, तर संपूर्ण साचा बदलताना काय होईल? म्हणून नमुन्यासोबत तीन गोष्टी हव्यात असं मला वाटतं: छोट्या रुग्णालयांना वापरता येईल असा तयार मोफत साचा, तो मराठीसह स्थानिक भाषांत, आणि जुनी बिलं बदलणार नाहीत याची सॉफ्टवेअर कंपन्यांवर सक्ती. या तीन गोष्टी नसतील तर मोठी शहरं नमुना वापरतील आणि आपल्याकडे पेन ड्राईव्हच फिरत राहील.

तुम्ही काय कराल?

घरात कोणी ॲडमिट झालं की फोनवाला मुलगा किंवा मुलगी म्हणून बिलाचं काम तुमच्याच गळ्यात पडणार. म्हणून एवढं करा:

• बिल हातात आलं की तिथेच फोटो काढा. थर्मल असेल तर झेरॉक्सही काढून घ्या. फोटो नुसता गॅलरीत ठेवू नका, ड्राईव्हमध्ये टाका किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

• यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढंच त्यातून कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. पावती वेगळी मागा.

• बिल नंबर, तारीख, पेशंटचं पूर्ण नाव आणि ॲडमिट व डिस्चार्जच्या तारखा बघा. नाव आधारवर जसं आहे तसंच आहे ना? क्लेम अडकण्याचं हे नेहमीचं कारण.

• एकच मोठा आकडा असेल तर शांतपणे सांगा, "मॅडम, याचं तपशीलवार बिल द्या." बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तपशीलवार बिलाचं बटण असतंच. ते कोणी दाबत नाही, इतकंच.

• आधी भरलेली रक्कम बिलातून वजा झाली आहे का ते पाहा. तिच्या पावत्या डिस्चार्ज होईपर्यंत जपा.

• औषधांच्या बिलावर बॅच नंबर, एक्सपायरी आणि कराचा दर पाहा. परत केलेल्या औषधांचे पैसे वजा झालेत ना?

• रोख ५,००० रुपयांपेक्षा जास्त भरले असतील तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप हवं. विमा कंपन्या हे आवर्जून बघतात.

• मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज करायचा असेल तर शेवटचं बिल नाही, उपचारखर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालयाचं असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. म्हणून ते सुरुवातीलाच मागा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

• डुप्लिकेट बिल घेतलं तर आधी काढलेल्या फोटोशी ताडून बघा. रक्कम, कर, तारीख, नंबर. एका पैशाचाही फरक असेल तर काउंटर सोडू नका.

त्या चाकणच्या मुलाने पहिल्याच दिवशी बिलाचा नीट फोटो काढला असता, तर त्याला डुप्लिकेटची गरजच पडली नसती. पण हे मी त्याला म्हणालो नाही. फोटो काढणं ही त्याची हुशारी ठरली असती. बिल बरोबर ठेवणं ही माझी जबाबदारी होती.

त्या रुग्णालयात आता डुप्लिकेट मागितलं की जुनी पीडीएफ निघते. तळाशी बारीक अक्षरात साच्याचा क्रमांक असतो. परवा एक आजी तो आकडा बोटाने दाखवून काउंटरवर विचारत होत्या, "हे कशाचे पैसे रे बाबा?" काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "पैसे नाहीत आजी, बिलाचा नंबर आहे तो." मी मागे उभा होतो. मला बरं वाटलं. कोणीतरी बिल तळापर्यंत वाचत होतं.